फॉर्मात नसलेलं लेकरू

लेकरू आजीजवळ ठेवून बाहेर कमवायला गेलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी नावं ठेवत नाही. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवरून पुण्या-मुंबईला बांधकामावर जाणारे, गडचिरोली-चंद्रपूरकडून तेलंगणात मिरची तोडायला जाणारे, अमरावतीच्या कॉलेजातून निघून हैदराबादमार्गे थेट टोरोंटोला पोचलेले इंजिनिअर, यांच्यापैकी कोणाच्याही घरी विचारा. एखादं तरी लेकरू आजीच्या नाहीतर मामाच्या हाताखाली वाढलेलं निघतं. त्यात कमीपणा काही नाही. अडचण पुढे सुरू होते. परदेशात कायमचं राहण्याचा अर्ज भरताना मुलांची नावं विचारतात आणि तिथे ते लेकरू लिहिलंच जात नाही.

मग कमाई स्थिरावते, घर होतं, जीव लेकरात अडकतो. "आता आनू त्याले इकडं" असं ठरतं, स्पॉन्सरशिपचा, म्हणजे हमी देऊन घरच्या माणसाला बोलावण्याचा, अर्ज जातो आणि उत्तर येतं की हे मूल तुमच्या कुटुंबातलं धरता येत नाही, कारण तुम्हीच पूर्वी ते सांगितलं नव्हतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लपवणं वाईटच, आणि "चुकून राहिलं" असं त्याचं गोंडस नाव ठेवू नये. पण आजचा नियम ज्याला शिक्षा करतो त्या लेकराचा काही दोष नसतो, आणि ज्याने लपवायला लावलं तो बहुतेक वेळा मोकळा फिरतो.

कॅनडाचं उदाहरण घेतो, कारण तिथे हा नियम अगदी उघड लिहिलेला आहे. तिथला सध्याचा स्थलांतर कायदा २८ जून २००२ पासून लागू झाला. त्याच्या नियमावलीतलं कलम ११७(९)(डी) असं सांगतं: तुम्ही कायम रहिवासी होण्यासाठी अर्ज केला तेव्हा जे मूल तुमच्यावर अवलंबून होतं, पण सोबत येणार नव्हतं आणि ज्याची तपासणी झाली नाही, ते मूल पुढे कुटुंब म्हणून स्पॉन्सर करता येणार नाही. पाच वर्षं नाही, दहा वर्षं नाही, मुदतच नाही. न सांगण्यामागे कपट होतं, भीती होती की निव्वळ अज्ञान, हे तो नियम विचारत नाही.

यातली खरी चुटपुट अशी की लेकरू सोबत नेण्याची सक्ती कोणी केलेलीच नसते. कुटुंबाच्या माहितीचा जो ५४०६ नंबरचा फॉर्म आहे, त्यात सख्खी, सावत्र, दत्तक, कुठल्याही वयाची, कुठेही राहणारी सगळी मुलं लिहा असं म्हटलेलं आहे, आणि प्रत्येकासमोर सोबत येणार की नाही याचा वेगळा रकाना आहे. 'नाही' लिहा, लेकराची वैद्यकीय तपासणी तेवढी करून घ्या, आणि त्याला खुशाल आजीजवळ राहू द्या. पुढे वयात बसत असेल तोवर त्याला बोलावता येतं. एका नावाने आणि एका डॉक्टरी तपासणीने जे दार उघडं राहिलं असतं, ते गप्प बसल्याने बंद होतं.

आणि हे सांगण्याचं बंधन फॉर्म भरला त्या दिवशी संपत नाही. विमानातून उतरून तिथल्या अधिकाऱ्यासमोर उभं राहीपर्यंत ते चालू असतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. समजा नवऱ्याचा व्हिसा आला, तिकीट निघालं, आणि तो उडायच्या आठ दिवस आधी बायको दारव्ह्याला माहेरी बाळंत झाली. घरात पेढे वाटले जातात, आणि "तिथं पोचल्यावर सांगू" म्हणून पठ्ठ्या जातो. उतरल्यावर विचारतात, कुटुंबात काही बदल? तो नाही म्हणतो, कारण एजंटाने सांगितलेलं असतं की आता काही बोललास तर व्हिसा अडकेल. त्या क्षणी त्याचं आठ दिवसांचं पोर या कलमात सापडलं. लग्नाचंही तसंच. व्हिसा हातात आल्यावर घाईघाईने लग्न उरकून, एकटा असल्याचं दाखवून गेलेल्यांच्या बायका त्याच कलमाखाली अडकतात.

एवढा सोपा मार्ग असताना माणसं नाव का टाळतात? एजंटाचा सल्ला हे वरवरचं कारण. "पोरगं मायजवळ सुखात आहे, त्याचं नाव कायले टाकता? फाइल लांबते नुसती," असं बोलणारे ऑफिसं थाटून बसलेत. पण एजंट बोलतो ते ज्याच्या मनात आधीच असतं त्यालाच पटतं. खरी कारणं घरातली आहेत.

एक कारण पैशाचं. पॉइंटवर, म्हणजे नोकरी-शिक्षणाच्या गुणांवर, जाणाऱ्या बऱ्याच अर्जदारांना बँकेत ठरावीक रक्कम दाखवावी लागते आणि ती कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरते. सोबत न येणारं मूलही त्यात मोजलं जातं. ज्या घराने आधीच वावर गहाण टाकून रक्कम उभी केली आहे, त्याला एक डोकं कमी झालं तर तेवढाच श्वास मिळतो. चूक आहे, पण समजण्यासारखी आहे.

दुसरं कारण दुखण्याचं. पूर्व विदर्भात, गडचिरोलीपासून भंडारा-गोंदियापर्यंत, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पोरांचं रक्त तपासलं जातंय. लग्न जुळवताना दबक्या आवाजात विचारतात, "पोरगी एसएस तर नाही ना?" म्हणजे तिला हा आजार तर नाही ना. घरात दोन लेकरं, एकाला सिकलसेल, आणि बाप परदेशाच्या तयारीत. त्याला कोणीतरी सांगतं की मेडिकलमध्ये एक जण नापास झाला तर अख्खं घर नापास. हे अगदीच खोटं नाही. नोकरी-शिक्षणाच्या गुणांवर जाणाऱ्या अर्जदाराच्या बाबतीत घरातल्या एकाच्या आजाराचा भार तिथल्या सरकारी आरोग्यसेवेवर फार पडेल असं ठरलं, तर सगळ्यांचा अर्ज फेटाळता येतो. तो आजारी जीव इथेच राहणार असला तरीसुद्धा. २०१८ मध्ये कॅनडाने खर्चाची ही मर्यादा तिप्पट वाढवली आणि विशेष शिक्षणासारख्या सेवांचा खर्च त्यातून काढून टाकला. म्हणजे पूर्वी जो अडला असता असा बराच वर्ग आता सुटतो. पण ही बातमी गावात पोचत नाही, भीती मात्र पोचलेली असते. मग दुखणाईत लेकरू फॉर्मातून जातं आणि धडधाकट भाऊ सोबत.

इथे नियमाची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. तिथल्या कायद्यात आईबाप आपल्या अवलंबून मुलाला स्पॉन्सर करतात तेव्हा त्या मुलाला आरोग्यसेवेवरच्या भाराची अट लागत नाही. मग डोकं चालवणारा म्हणेल की आधी आजारी लेकरू लपवून स्वतः आत जाऊ, नंतर त्याला कुटुंबाच्या सवलतीतून बोलावून घेऊ. सगळे असं करू लागले तर प्रामाणिकपणे नाव लिहून नकार पचवणारा बाप मूर्ख ठरतो. २००५ मध्ये तिथल्या फेडरल कोर्ट ऑफ अपीलसमोर फिलिपिन्सहून आलेल्या एका आईचं प्रकरण होतं. १९९३ मध्ये येताना तिने मुलगी सांगितली, दोन मुलगे सांगितले नाहीत, आणि नंतर त्यांना बोलवायला गेली. कोर्टाने नियम वैध ठरवला. अर्जदाराने खरं सांगावं म्हणून असा धाक ठेवायला सरकारला मुभा आहे, आणि फारच अडलं तर माणुसकीच्या आधारावर सूट मागायचं वेगळं कलम आहेच, असा तो एकूण सूर.

धाक असावा, हे मलाही मान्य. माझा आक्षेप धाक कोणाच्या मानेवर ठेवलाय याला आहे. फॉर्म आईबापाने भरला, सही आईबापाने केली, फायदा झाला तर आईबापाला झाला. आणि दंड? लेकरू आजीच्या घरी राहील, कायमचं. ज्याला आपलं नाव कुठल्या कागदावर आहे-नाही याची कल्पनासुद्धा नव्हती, तो यात गुन्हेगारासारखा धरला गेला. मूल आणि आईबाप एकत्र यावेत म्हणून केलेले अर्ज सरकारांनी सकारात्मकपणे, माणुसकीने आणि लवकर हाताळावेत असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात लिहिलेलं आहे. कॅनडाने तो १९९१ मध्ये स्वीकारला, भारताने १९९२ मध्ये. स्वतःच्या सहीच्या कराराशी असं वागणं कसं चालतं, हे मला उमगलेलं नाही.

अमेरिकेत गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे जुन्या अर्जात मूल न लिहिल्याने त्या मुलाचा दरवाजा आपोआप बंद होत नाही. न सांगितल्यामुळे तुम्हाला असं काही मिळालं का, जे सांगितलं असतं तर मिळालं नसतं, हे पाहिलं जातं. मिळालं असेल तर तुमच्या स्वतःच्या ग्रीन कार्डाचंच वांधं होऊ शकतं. कटकट तिथेही आहे, डीएनए चाचणीपर्यंत जाते, पण रोख मोठ्या माणसावर राहतो. ते मला जास्त सरळ वाटतं.

आता तिसऱ्या कारणाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ते बायकांचं आहे.

आपल्याकडे पहिला नवरा वारलेली किंवा फारकत झालेली तरणी बाई माहेरी परत येते, पदरात एक लेकरू. आईबाप थकलेले, भावजयीच्या घरात दिवस काढायचे. अशात परदेशातल्या बिजवराचं स्थळ येतं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, हुंड्याची बात नाही. बैठकीत सगळं ठरतं आणि उठता उठता मुलाकडचा एखादा काका हळूच म्हणतो, "बाकी काही नाही बाप्पा, मागचं लेकरू तेवढं तुमच्याइकडं राहू द्या." बाईला कोणी विचारत नाही. मामा म्हणतो, मी सांभाळतो. आजी म्हणते, तुझं तर सोनं होऊ दे. आणि मग फॉर्म भरायची वेळ येते. फॉर्म भरणारा नवरा किंवा त्याचा माणूस. मुलांच्या भागात एक रेघ मारली जाते. बाई सही करते. कित्येकदा इंग्रजीत काय लिहिलंय हे तिला कोणी वाचूनही दाखवत नाही.

या बाईच्या बाबतीत हा लपवालपवीचा व्यवहार किती फुकटचा आहे पाहा. नवरा बायकोला स्पॉन्सर करतो त्या वर्गात तिच्या लेकराच्या आजाराचा भार हा मुद्दाच येत नाही. नवऱ्याला बायको किंवा लहान लेकरू स्पॉन्सर करायला क्वेबेक प्रांत सोडून इतरत्र सहसा किमान उत्पन्नाची अट नाही. लेकराचं नाव लिहिलं असतं तरी तिचा व्हिसा झाला असता. नाव टाळून कॅनडा सरकारकडून तिने एक पैशाचाही फायदा उपटलेला नाही. फायदा झाला तो नवऱ्याच्या घरच्यांच्या इभ्रतीचा. आणि एक बारीक गोष्ट: स्पॉन्सर करणाऱ्याने बायकोच्या खर्चाची हमी तीन वर्षांची घ्यायची असते, लेकराची हमी दहा वर्षांची, किंवा ते पंचवीस वर्षांचं होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. बैठकीतला काका हे नियम वाचून आलेला नसतो, पण त्याच्या "मागचं लेकरू राहू द्या"मध्ये हिशेब हाच असतो.

कॅनडाने यावर काहीच केलं नाही असं नाही. ९ सप्टेंबर २०१९ पासून तिथे एक तात्पुरती योजना सुरू झाली आणि तिची मुदत नंतर वाढवली गेली. निर्वासित म्हणून आलेल्यांना, आणि ज्यांना स्वतःला कोणीतरी नवरा-बायको किंवा मूल म्हणून स्पॉन्सर करून आणलं होतं त्यांना, पूर्वी न सांगितलेलं कुटुंब त्यातून स्पॉन्सर करता येऊ लागलं. अट एकच: तेव्हा खरं सांगितलं असतं तरी तुम्हाला प्रवेश मिळालाच असता, असं असलं पाहिजे. ही कसोटी मला पटते. लपवून काही कमावलं का, हा प्रश्न अखेर कोणीतरी विचारला. आपली बिजवराला दिलेली बाई या कसोटीत अगदी नीट बसते.

गुणांवर गेलेला इंजिनिअर या योजनेत येत नाही. पहिल्या बायकोशी स्टॅम्प पेपरवर फारकत करून, फॉर्मात स्वतःला अविवाहित लिहून गेलेला बाप म्हणजे याच गटातला. फारकतनामा परदेशी कचेरीत चालेल की नाही या भीतीने त्याने आधी लग्न लपवलं, आणि लग्न लपवलं म्हणून लेकरू लपवावं लागलं. वास्तविक बापाचं लग्न कायद्याने टिकलं, मोडलं की झालंच नव्हतं, याचा लेकराच्या हक्काशी तिथे संबंध नाही. जन्मदाता बाप आहे एवढं पुरतं. खरं सांगायचं तर हा बाप योजनेबाहेर राहिला याचं मला फार दुःख नाही. त्याला इंग्रजी येत होतं, फॉर्म त्याने स्वतः भरला होता. पण पुन्हा तोच प्रश्न: त्याच्या पहिल्या घरच्या पोरीचं काय? तिच्यासाठी माणुसकीच्या आधारावर सूट मागायचं कलम २५ उरतं. लेकराच्या हिताकडे अधिकाऱ्याने डोळेझाक करता कामा नये, हे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ठासून सांगितलं आहे. तरी तो हक्क नव्हे, विनंती आहे. अधिकारी बदलला की निकाल बदलू शकतो, आणि वेळ किती लागेल याची खात्री नसते. २०१९ ची कसोटी कायमची करावी आणि ती सगळ्याच वर्गांना लावावी. ज्याने लपवून खरंच फायदा घेतला त्याच्यावर कारवाई करावी, पण त्याच्या लेकराचा अर्ज त्याच्या गुन्ह्यापासून वेगळा ठेवून तपासावा. दंडाची हत्यारं कायद्यात आहेतच. खोटी माहिती दिल्याबद्दल कलम ४० खाली पाच वर्षं बंदी येते, मिळालेलं कायम वास्तव्यही जाऊ शकतं.

यावर आपल्यातलेच लोक दोन गोष्टी बोलतात. एक, "पोरगं आजीजवळ मजेत आहे, त्याले तिकडं थंडीत कायले न्याचं?" न्यायचं की नाही हे त्या घराने ठरवावं. आजीजवळ सुखात वाढलेली लेकरं मीही शाळेच्या बाकावर पाहिली आहेत, त्यांना बिचारं म्हणायची मला हौस नाही. पण जायचा रस्ता असून न जाणं वेगळं आणि रस्ताच मोडून ठेवलेला असणं वेगळं. दुसरी गोष्ट, हा मूठभर लोकांचा प्रश्न आहे, शेतकऱ्यांचे प्रश्न सोडून हे कुठे काढता. मूठभरांचाच आहे. म्हणूनच त्यावर ना आमदार बोलत, ना कोणी मोर्चा काढत.

आता आपल्या दारातली गोष्ट. कॅनडाने उद्या नियम बदलला तरी आपली कितीतरी लेकरं कागदावर अडकतील. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, म्हणून हे अगदी जवळून ठाऊक आहे. जूनमध्ये मामा भाच्याला घेऊन शाळेत येतो. जन्माचा दाखला नसतो किंवा पहिल्या सासरी राहिलेला असतो. दाखल-खारीज रजिस्टरात वडिलांच्या नावाच्या जागी काय लिहायचं म्हटलं की मामा म्हणतो, "माहंच नाव टाका ना गुरुजी." कुठे खरं नाव लिहिलं जातं, कुठे मामाचं, कुठे आजोबांचं. तिथे जे नाव पडलं तेच पुढे सरलवर (सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत), आधारवर, दहावीच्या सनदेवर चढतं. बारा वर्षांनी आई परदेशातून म्हणते हे माझं लेकरू, आणि लेकराच्या प्रत्येक कागदावर बाप म्हणून मामा उभा असतो. तिकडचा अधिकारी डीएनए मागणार नाही तर काय करणार? १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी राज्य सरकारने सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं ठरवलं, हे चांगलं झालं. पण त्याआधीची लेकरं आज शाळेत आहेत आणि त्यांची आई कित्येकदा कुठल्याच कागदावर नाही.

जन्माच्या नोंदीचं तर विचारूच नका. एकवीस दिवसांत नोंद झाली तर सोपं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्यात २०२५ च्या सुरुवातीला बनावट नोंदींच्या तक्रारींवरून राज्य सरकारने उशिराने दिल्या जाणाऱ्या जन्म दाखल्यांचं काम थांबवलं. आपल्या अमरावती-अकोल्याची नावं त्यात वारंवार छापून येत होती. बनावट दाखले पकडलेच पाहिजेत. पण ज्या माउलीचं लेकरू खरोखर शेतातल्या झोपडीत जन्मलं, तिची नोंदही त्या गाळणीत अडकली. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात कोतवालाच्या पंजीत जन्म-मृत्यू लिहिले जात आणि त्या पंज्या आजही जातीच्या दाखल्याला कामी येतात. मागच्या दहा-पंधरा वर्षांत जन्मलेल्या पोराचा पुरावा मिळणं त्यापेक्षा कठीण झालेलं असावं, हे अजबच आहे.

ज्यांनी आधीच नाव टाळलंय त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. "पाहू मंग" करू नका. कॅनडात अवलंबून मूल म्हणजे बावीस वर्षांच्या आतलं आणि अविवाहित; काही अपवाद वगळता त्यानंतर हा मार्ग संपतो. २०१४ ते २०१७ या काळात ही मर्यादा एकोणीसवर आणली गेली होती, म्हणजे ती हलू शकते. अर्ज पोचला त्या तारखेचं वय धरलं जातं, त्यामुळे उशीर हा सरळ लेकराच्या वयातून कापला जातो. स्वतःच्या जुन्या फाइलची प्रत तिथल्या माहितीच्या कायद्याखाली मागवा, कारण एजंटाने तुमच्या नावावर काय लिहिलं हे बहुतेकांना माहीतच नसतं. मग तिथल्या परवानाधारक वकिलाकडे किंवा सल्लागाराकडे जा आणि पूर्वी का सांगितलं नाही हे खरं खरं लिहा. दुसरी थाप मारून पहिली झाकायला जाऊ नका. विधवा बाईने "मूल नंतर झालं" असं लिहिलं तर तारखाच तिच्याविरुद्ध उभ्या राहतात. नागरिकत्व मिळेपर्यंत थांबू, मग बोलू, असाही एक सल्ला फिरतो. खोटेपणाने मिळवलेलं नागरिकत्वही काढून घेता येतं, हे सल्ला देणारा सांगत नाही.

शेवटी पुन्हा त्या बैठकीतल्या अटीकडे. खोटं लिहायला लावणं हासुद्धा कॅनडाच्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला मोठा दंड व पाच वर्षांपर्यंतची कैद सांगितलेली आहे. तरी बाईची फाइल उघडते तेव्हा चौकशी होते तिची. तू का लपवलंस? नवरा, ज्याने स्पॉन्सर म्हणून त्याच फाइलवर सही केली, ज्याला लेकरू आहे हे साखरपुड्याच्या आधीपासून माहीत होतं, त्याला हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला पाहिजे: तुमच्या पत्नीला आधीचं मूल आहे का, आणि ते सोबत न आणण्याची अट तुमच्याकडून कोणी घातली होती का? त्याचं उत्तर त्याच्या सहीनिशी घ्या. आणि बाईची मुलाखत एकदा तरी तिच्या भाषेत, नवरा आणि एजंट खोलीबाहेर असताना घ्या. दुभाष्याचा खर्च होईल. पण लेकरू लपवल्याचं दहा वर्षांनी कळून त्यावर कोर्टकचेऱ्या चालतात, त्याहून तो कमीच असेल. इकडे आपणही मुलाकडच्या काकाने ते वाक्य उच्चारलं की मान डोलावण्याऐवजी त्याला तिथेच विचारावं, की बाप्पा, हे तुम्ही फॉर्मातही लिहून देता का?